घरात चार छोटी कुत्री, अन् सासूबाईंचं बरोबर आहे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दारव्ह्याजवळ खेड्यात घर, घरात दोन पॉमेरियन माय-लेकी, दिरानं नागपूरहून आणून सोडलेला दोन वर्षांचा पग, अन् मोठ्या पोरानं नाल्याजवळून उचलून आणलेलं चार महिन्यांचं गावठी पिल्लू. माणसं म्हणजे तुम्ही दोघं, ४ आणि ९ वर्षांची दोन पोरं, अन् सासूबाई. माय-लेकी जेवणावरून रक्त निघेपर्यंत भांडून राहिल्या, देव्हाऱ्याच्या पाटाशी कोणीतरी रोज मुतते, अन् सासूबाईंनी सांगून टाकलं, "एक तर हे कुत्रे राह्यतीन नाहीतर मी राह्यीन." तुम्ही विचारता, पग परत पाठवू का पिल्लू कोणाला देऊन टाकू.

मी शिकलो नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या व्हेटर्नरी कॉलेजात, पण नोकरीची सव्वीस वर्षं गेली तालुक्याच्या दवाखान्यांत, म्हणजे गायी, बैल, शेळ्या, अन् गावात आजही मला ढोरांचा डॉक्टरच म्हणतात. छोटी कुत्री शिकलो ती घरी. आमच्याकडं एका वेळी सात होती, सध्या पाच आहेत, आमची आई ८१ वर्षांची, त्यामुळं तुमच्या घरातलं चित्र मला न सांगता दिसते.

पहिले हे सांगतो, सासूबाईंचं बरोबर आहे. तुम्हाला वाटत असेल त्यांना कुत्रे आवडत नाहीत म्हणून कटकट करतात, पण पहाटे पाचला अंधारात अनवाणी पूजेला कोण जाते? पाय कोणाचा ओला होतो? मग आंघोळ पुन्हा, पूजा पुन्हा. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. म्हणून कुत्र्यांच्या ट्रेनिंगची सुरुवात कुत्र्यांपासून करू नका, दोन खोल्यांपासून करा. देवघर अन् स्वयंपाकघर, या दोन ठिकाणी कुत्रं जाणार नाही, कोणतंच नाही, लाडाचंही नाही, पोरं रडली तरी नाही. छोट्या कुत्र्यांचा एक फायदा असते की त्यांना अडवायला दार बंद करावं लागत नाही, अडीच फुटाचं अर्धं फाटक पुरते. मी पहिल्यांदा नुसती फळी आडवी लावली होती, ओलांडून जायची, अन् तिसऱ्याच दिवशी आई तिच्यावर अडखळून पडली, मनगट सुजलं, अन् घरात आठ दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. तेव्हा फळी नको, सुताराकडून बिजागरीचं फाटक करून घ्या, कडी वरच्या बाजूनं, सासूबाईंच्या हाताला सहज लागेल अशी. अन् त्या फाटकाच्या मालक सासूबाई. उघडायचं का नाही ते त्या ठरवतील. हे एवढं झालं की घरातलं निम्मं भांडण माणसांचं होतं हे लक्षात येते.

आता मुताचं. कोण मुतते हे शोधायला जागरण नको, डाग कुठं आहे तो पाहा. पाटाच्या पायाला, जमिनीपासून वीतभर वर, थोडासाच ओघळ असेल तर तो पग आहे, कारण नर कुत्रं टांग वर करून निशाणी लावते, त्याला मुतायची घाई झालेली नसते, ही जागा माझी आहे एवढंच सांगायचं असते. जमिनीवर मधोमध थारोळं असेल तर ते पिल्लू, त्याला अजून कळत नाही अन् धरवतही नाही. पिल्लाचा हिशोब साधारण असा धरा की जितके महिने वय तितके तास, वरती एखादा तास जास्त, तोही झोपेत, जागं असताना त्याच्याही आत. म्हणजे चार महिन्यांच्या पिल्लाला रात्री दहाला बंद करून सकाळी सहाला उघडाल तर चूक त्याची नाही. झोपून उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळणं थांबवून जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की धावत बाहेर, अन् बाहेर केलं की तिथंच, त्याच क्षणी शेंगदाण्याएवढा भाकरीचा तुकडा. घरात आल्यावर दिला तर त्याला वाटते घरात आल्याचं बक्षीस. नाक घासायचं, चपलेनं मारायचं हे प्रकार करू नका, त्यातून ते फक्त एवढंच शिकते की माणसासमोर मुतू नये, मग ते पलंगाखाली जाऊन मुतते.

साफ करायचं कशानं यावरही बोलतो कारण इथंच सगळे चुकतात. फिनाईल नको. एक तर ते चाटण्यात आलं की छोट्या कुत्र्याला विषच, अन् त्याच्या वासानं मुताचा वास आपल्या नाकाला झाकला जाते, कुत्र्याच्या नाकाला नाही. फरशी असेल तर आधी फडक्यानं टिपून घ्या, मग साबणाचं पाणी, मग पांढरा व्हिनेगर अन् पाणी निम्मं-निम्मं, अन् वाळू द्या. पण तुमचं देवघर शेणानं सारवलेलं असेल (आमच्या जुन्या घरी होतं) तर पुसून काही उपयोग नाही, मूत आत मुरते. तिथली वरची खपली खुरप्यानं खरडून काढा, दिवसभर उघडं वाळू द्या अन् मग नव्यानं सारवा. नुसतं वरून सारवलं तर चार दिवसांनी पग बरोबर त्याच जागी येऊन उभा राहील.

पगचं ऑपरेशन करून घ्या, अन् दोन्ही माद्यांचंही. हे मी नंतर सांगणार होतो पण सगळं घुमून-फिरून इथंच येते. घरात नर आहे अन् दोन माद्या आहेत. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, अंदाजे तीन आठवडे तो प्रकार चालते, त्या दिवसांत नराला जेवण सुचत नाही, तो दारं खरडते, सगळीकडं निशाण्या लावते, अन् माद्या एकमेकींवर उखडलेल्या असतात. "आम्ही वेगळं ठेवतो ना डॉक्टर," असं मला किती लोकांनी सांगितलं असेल अन् ६३ दिवसांनी तेच लोक टोपलीत पिल्लं घेऊन आलेले आहेत. पग अन् पॉमेरियनचं पिल्लू मोठ्या डोक्याचं असू शकते, छोट्या मादीला अडते, रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावात सिझेरियन करणारा माणूस कुठं शोधाल? पुन्हा ऑपरेशन न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयात पू होते, माज गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी मादी खूप पाणी प्यायला लागली, सुस्त पडली, खालून घाण येऊन राहिली, तर एक दिवसही थांबायचं नाही. पिल्लं विकून दोन पैसे येतील असं दिराच्या डोक्यात असेल तर त्यालाही सांगा, २०१७ च्या नियमांप्रमाणं नोंदणी केल्याशिवाय ब्रीडिंगचा धंदा करता येत नाही अन् आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तुमच्याकडून नागपूर किंवा अकोला, दोन्हीकडं व्हेटर्नरीच्या शिक्षणसंस्थेचे दवाखाने आहेत, माद्यांचं ऑपरेशन तिथं किंवा ज्याचा हात रोज छोट्या कुत्र्यांवर चालते अशा डॉक्टरकडं करा. माझ्यासारख्या ढोरांच्या डॉक्टरकडं नको, हे मीच सांगतो.

माय-लेकी का भांडतात? लेक दीड-दोन वर्षांची झाली असेल, बरोबर ना? या वयात कुत्रं खऱ्या अर्थानं मोठं होते, तोवर माय जे म्हणेल ते ऐकत असते, अन् मग एक दिवस ऐकत नाही. दोन नरांची भांडणं आवाजाची जास्त असतात, दोन माद्यांची भांडणं मनात राहतात. तुमच्या घरी भांडण जेवणाच्या वेळी होते म्हणता, म्हणजे मला वाटते चारही ताटल्या ओसरीवर एका ओळीत ठेवत असाल, पंगत बसवल्यासारख्या. पंगत आपल्याला छान दिसते, कुत्र्याला नाही. प्रत्येकाची ताटली वेगळ्या कोपऱ्यात, एकमेकांना दिसणार नाही अशी. माय छपरीत, लेक न्हाणीच्या दाराशी, पग खाटेच्या पलीकडं, पिल्लू पिंजऱ्यात किंवा टोपलीखाली. पंधरा मिनिटं. मग ताटल्या उचला, उरलं असेल तरी उचला, अन् ताटल्या उचलल्यावरच कुत्रे मोकळे. दिवसभर भरलेलं ताट ठेवायची सवय चार कुत्र्यांच्या घरात चालत नाही. पाणी मात्र दोन-तीन ठिकाणी कायम.

मी हेही पाहिलं आहे की जेवण सोडलं तर दुसरी वेळ असते अंगणाच्या फाटकावरची. दूधवाला आला, एक भुंकलं, बाकीचे धावले, दूधवाला तर फाटकाच्या बाहेर, मग तो सगळा राग बाजूला उभ्या आपल्याच कुत्र्यावर निघते. मागच्या दिवाळीत आमच्या चिंगी अन् भुरी अशाच भिडल्या, अन् सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलो तेच मी विसरलो, मधात हात घातला. करंगळी अजून पूर्ण वळत नाही. चिंगीनं मला चावायचं ठरवलं नव्हतं हो, तिला त्या वेळी हात दिसलाच नाही, फक्त काहीतरी मधात आलं एवढंच. तेव्हा हात नको. सूप, पाट, उशी, जे हाताशी असेल ते दोघींच्या मधात सरकवा, नाहीतर दोघींवर गोणपाट टाका, एक क्षण अंधार झाला की पकड सुटते, मग वेगवेगळ्या खोल्यांत किमान तासभर. ओरडू नका, तुमचं ओरडणं त्यांना साथ दिल्यासारखं वाटते. अन् अंगणाच्या फाटकाला खालून दोन फूट पत्रा किंवा हिरवी जाळी मारून टाका. रस्ता दिसला नाही की निम्मं भुंकणं जाते, शेजारीही दुवा देतील.

खाण्याचं एक सांगून टाकतो. सहा किलोच्या पॉमेरियनला दिवसाला साधारण चारशे कॅलरी लागतात. आपली ज्वारीची एक मोठी भाकर म्हणजेच दोनशेच्या आसपास. आता घरातली पाच माणसं दिवसभरात एकेक तुकडा टाकतात तो धरा, म्हणजे कळेल की मायचं पोट का लोंबते. भाकर चालते, कण्या चालतात, वरणाचं फोडणीआधीचं पाणी चालते, उकडलेलं अंडं तर फारच छान, बिनमसाल्याचं चिकन द्या पण शिजवलेलं हाडूक नको, ते चिरून सुरीसारखं होते. कांदा-लसूण रक्ताला वाईट, म्हणून रश्श्यात कालवलेली भाकर नाही. मनुका, द्राक्षं, चॉकलेट नाही. पोळ्याला अन् लग्नसराईत पोरांना आधीच सांगून ठेवायचं. अन् गावात बकरं कापलं की त्याची कच्ची कलेजी-फोपसं कुत्र्याला टाकायची पद्धत आहे ना, ती घरातल्या कुत्र्याला कधीच नको, त्यातून जो जंत कुत्र्यात येते त्याची अंडी पुढं माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात पाण्याची गाठ करते. घरात चार वर्षांचं पोर आहे म्हणून एवढं स्पष्ट लिहून राहिलो. मोठ्या कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, वजन करून, तिघांना एकाच दिवशी. पिल्लाचं तर आता लगेच, अन् त्याच्या लसी कुठवर आल्या ते पाहा. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात, नंतर वर्षाला एक. नाल्याजवळचं पिल्लू आहे, आजवर दिली नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिले ते काम करा. अन् घरचं कुत्रं असो का बाहेरचं, दात लागला की साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं अन् त्याच दिवशी माणसाच्या दवाखान्यात. हळद-मिरची भरत बसायचं नाही.

आता गोचीड. सासूबाई म्हणत असतील गोठ्यातून येतात. सगळेच म्हणतात. पण गायीवरची गोचीड अन् कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड बहुतेक वेळा दोन वेगळ्या जाती असतात. कुत्र्याच्या गोचिडीला गोठा लागत नाही, तिला तुमचं घर आवडते. ती रक्त पिऊन टम्म झाली की कुत्र्यावरून खाली पडते अन् भिंतीवर वर चढते. वर. मातीच्या भिंतीची भेग, चौकटीमागची फट, छताच्या फाट्यांमधली जागा, तिथं जाऊन एक मादी हजारांनी अंडी घालते. म्हणून तुम्ही कुत्र्यावरच्या वेचून वेचून रॉकेलात टाकता अन् आठ दिवसांनी तेवढ्याच परत. एकदा संध्याकाळी टॉर्च घेऊन देवघराच्या चौकटीची वरची फट पाहा, तिळासारखे बारीक तपकिरी ठिपके चालताना दिसले तर समजा. भेगा चुन्या-सिमेंटनं बुजवा, कुत्र्यांची अंथरुणं उकळत्या पाण्यात धुवा, अन् चौघांना एकाच दिवशी गोचिडीची खायची गोळी द्या, डॉक्टरकडून वजनाप्रमाणं. महाग आहे, चार कुत्र्यांची चार घ्यावी लागते, अन् तिघांना देऊन चौथ्याला पुढच्या महिन्यात असं केलं तर तिघांचे पैसे पाण्यात.

इथं एक हात जोडून विनंती. गायी-बैलांवर फवारायचं गोचिडीचं औषध घरात असतेच, ते तसंच कुत्र्यावर ओतू नका. अन् गावात कोणी सुई घेऊन आलं, "मी मारून देतो एक एमएल, सगळं साफ," तर त्याला चहा पाजा अन् परत पाठवा. ती सुई असते ढोरांच्या आयव्हरमेक्टिन नावाच्या औषधाची, त्याच्या एक एमएलमध्ये दहा मिलिग्रॅम औषध असते, पाच किलोच्या कुत्र्याला खरजेसाठी दिलं तरी दीड-दोन मिलिग्रॅमच्या वर जायचं कारण नसते. मी अशी कुत्री टेबलावर पाहिली आहेत, आंधळ्यासारखी भिंतीला धडकत होती. तसंच आपल्या डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्या. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अर्धीही नको. गोचिडीनंतर कुत्र्यानं जेवण सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर तो गोचीडताप असू शकते, वेळेत रक्त तपासलं तर औषध आहे, पण कोर्स लांब असते, जवळपास महिनाभर, अन् लोक चौथ्या दिवशी कुत्रं खेळायला लागलं की बंद करतात.

पगबद्दल लिहायला मला जड जाते पण लिहितो. आमच्याकडं गोटू नावाचा पग होता. मे महिना होता, शेजारी लग्न, आम्ही सगळे मांडवात, गोटूला छपरीत बांधलेलं, वर टिनपत्रा, समोर कूलर चालू. दुपारी एकच्या सुमारास लाईन गेली. मांडवात जनरेटर असल्यामुळं आम्हाला कळलंच नाही. मी पान खाऊन तीनला घरी आलो तर तो आडवा पडलेला, जीभ जांभळासारखी, तोंडातून तारेसारखी चिकट लाळ. मी धावत नळी घेतली, अन् नळीतून आलं काय तर छतावरच्या काळ्या टाकीचं उकळतं पाणी, तेही त्याच्या अंगावर एकदा पडलं. मग रांजणातलं ओतलं, पंखा तर बंदच, पुठ्ठ्यानं वारा घातला. ताप १०७ होता, कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२ असते. उतरला, उभा राहिला, पाणी पिला, मला वाटलं वाचला. दुसऱ्या दिवशी लघवी बंद झाली अन् तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरच्या घरचं कुत्रं.

पगचं नाक आत दबलेलं असते, कुत्रं घाम गाळून थंड होत नाही, धापा टाकून होते, अन् याला धापच नीट घेता येत नाही. आपल्याकडं पारा ४५-४६ ला जाते तेव्हा नाकवालं कुत्रंही कासावीस होते, त्यात हा. म्हणून एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत पगची जागा पत्र्याखाली नाही, घरातल्या सगळ्यात जुन्या जाड भिंतीच्या खोलीत, खाली फरशी, अन् कोणीतरी माणूस घरी पाहिजे. कूलर लावा पण खिडकी उघडी ठेवून. दार-खिडक्या बंद करून कूलर लावला की खोलीत दमट होते, अन् दमट हवेत धापा टाकूनही अंग थंड होत नाही, जून लागताना कूलरसमोरही कुत्रं गळून पडते ते त्यामुळंच. फिरवणं सकाळी सातच्या आत, रात्री आठनंतर, रस्त्यावर तुमचा तळहात उलटा ठेवून मोजा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजे कसे ठेववतील? गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या, पगला अन् पॉमेरियनलाही, दोघांचं गळ्याचं काम नाजूक असते. जीभ काळपट दिसली, चालताना झोकांड्या गेल्या की माठातलं साधं गार पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहा अन् वारा घाला, बर्फात बुडवू नका, ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होऊन उलट गोधडीचं काम करते. ताप १०३ वर आला की पाणी थांबवा अन् डॉक्टरकडं घेऊन जा, उभं राहिलं तरी घेऊन जा. मी तेवढंच केलं नाही. पॉमेरियनचे केस मात्र उन्हाळ्यात वस्तऱ्यानं काढू नका, ते केस ऊनही अडवतात. रोज विंचरा, आतली लव निघू द्या, पुरते.

वावरातलं थोडक्यात. कपाशीवर फवारणी करून आलेले कपडे, बूट, पंप छपरीत टाकायचे नाहीत, छोटं कुत्रं त्यावरच जाऊन झोपते कारण मालकाचा वास असते. उंदराचं काळं औषध, झिंक फॉस्फाईड, पिठात कालवून ठेवतात, ते या घरात बंदच करा, पिंजरा लावा. लाळ गळून राहिली, थरथर सुटली, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी झाली तर डबा सोबत घेऊन दवाखाना, डब्यावरून औषध ठरते. पावसाळ्यात रात्री न्हाणी अन् सरपणाकडं पिल्लाला सोडू नका, त्याला सापाचं भारी कौतुक असते. तुमच्याकडं बिबट्याचं कितपत आहे ते तुम्हाला माहीत, आमच्या मावसभावाकडं ब्रह्मपुरीच्या बाजूनं तर अंगणात बांधलेलं छोटं कुत्रं म्हणजे ताटात वाढलेलं जेवण. रात्री चौघंही कडीच्या आत.

पोरांसाठी दोनच नियम ठेवा, जास्त ठेवले तर एकही पाळत नाहीत. जेवत्या अन् झोपल्या कुत्र्याला हात नाही. मांडीवर एका वेळी एकच कुत्रं. दुसरा नियम साधा वाटते, पण मांडीवरच्या जागेवरून जे भांडण होते ते पोराच्या तोंडाजवळ होते.

आता तुमचा खरा प्रश्न, कोणाला द्यायचं. मला वाटते पिल्लू देऊ नका. चौघांमध्ये तुमच्या उन्हाला, तुमच्या घराला, तुमच्या खर्चाला झेपणारं तेच आहे, अन् नऊ वर्षांच्या पोरानं आणलेलं आहे, त्याच्याकडून पाणी भरायचं अन् सकाळी बाहेर न्यायचं काम घ्या, एक महिना पाहा. पगबद्दल दिराशी सरळ बोला. त्याचं ऑपरेशन, उन्हाळ्याची सोय, डॉक्टरचा खर्च दीर उचलणार असेल तर राहू द्या. नुसतं आणून सोडलं असेल अन् उन्हाळ्यात दुपारी तुम्ही सगळे वावरात असाल, सासूबाई एकट्या घरी असतील, तर मार्चच्या आत त्याला नागपूरला परत पाठवलेलं बरं, त्यात तुमचा कमीपणा नाही. माय-लेकींचं ऑपरेशन करा, माजानंतर दोन-तीन महिन्यांनी, ताटं वेगळी करा, अन् दोन महिने मला काही विचारू नका. त्यानंतरही रक्त निघत असेल, अन् विशेषतः एक दुसरीला नुसती दिसली तरी भिडत असेल, तर त्या दोघी एका घरात नको. मग लेकीला जवळच्या नात्यात द्या, मायला हलवू नका.

एवढं कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल: पगचं वजन किती, लेक शेवटची माजावर कधी आली, देवघर सारवलेलं का फरशीचं, अन् पाटाजवळचा डाग वीतभर वर आहे का खाली.